पावसात ‘तापणारी’ पिकअप : जुन्या डॅशबोर्डच्या दुरुस्तीचं एक प्रकरण

गाडी २००४ सालची. एक टनी डिझेल पिकअप, १२ व्होल्टची, एसी नाही, एअरबॅग नाही. तिचं काम ठरलेलं: जुन्नर तालुक्यात संध्याकाळी टोमॅटोचे कॅरेट भरायचे, आळेफाट्यावरून राष्ट्रीय महामार्ग ६१ धरायचा, माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण करत पहाटेच्या आत वाशीच्या बाजार समितीत पोचायचं आणि दुपारपर्यंत रिकामी गाडी घेऊन परत यायचं. डॅशबोर्ड चार ठिकाणी तडकलेला होता, मीटरची काच धुरकट झाली होती, लाइटचा स्विच वितळून एका बाजूला बसला होता. पण गाडी दुरुस्तीला आली ती यासाठी नव्हे. तक्रार एकच होती: पावसाळ्यात घाटात गाडी तापते.

या तक्रारीवर आधी बराच खर्च झालेला होता. थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुतला, टेंपरेचरचा सेन्सर दोनदा नवा टाकला. मे महिन्यात भर दुपारी भरलेली गाडी चालली तरी सुई मधोमध. जुलैत पाऊस लागला आणि धुकं उतरलं की सुई लाल पट्ट्याला टेकायला जायची. ड्रायव्हर गाडी कडेला घ्यायचा, बॉनेट उघडायचा, तर कूलंट जागेवर, वाफ नाही, होस नेहमीइतकाच गरम.

यात दोन गोष्टी नीट विचारून घेतल्या आणि तिथेच दिशा बदलली. पहिली, सुई चढावर जास्त जाते की उतारावर? उत्तर आलं, दोन्हीकडे सारखीच. भरलेली गाडी घाट उतरते तेव्हा ती गिअरमध्ये असते, पंप जवळजवळ डिझेल सोडत नाही आणि इंजिन थंडावत जातं. उतारावर, पावसात, गार हवेत जी गाडी ‘तापते’ ती बहुतेक वेळा तापलेली नसतेच, तिचा काटा खोटं बोलत असतो. दुसरी गोष्ट, त्याच वेळी डिझेलचा काटा काय करतो? तिकडे कोणी कधी लक्ष दिलेलं नव्हतं. गाडी उभी करून पाहिलं तर तोही वर सरकत होता. टाकीत पाव भाग डिझेल असताना काटा निम्म्याच्या पुढे. ही गाडी त्या पावसाळ्यात दोनदा डिझेल संपून घाटात उभी राहिली होती आणि डिझेलच्या नळीत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढत बसायची वेळ आली होती. तापण्याची तक्रार आणि डिझेल संपण्याचं दुर्दैव या दोन वेगळ्या गोष्टी समजल्या गेल्या होत्या. त्या एकच होत्या.

दोन काटे एकदम वर का जातात

या पिढीच्या बऱ्याच मीटरांत टेंपरेचर आणि डिझेल ही दोन्ही गेज उष्णतेवर चालतात. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. करंट गेला की पट्टी गरम होऊन वाकते आणि काटा ढकलते. बॅटरीचं व्होल्टेज इंजिन बंद असताना १२.५ आणि चालू असताना १४ च्या आसपास असतं, त्यामुळे काटा नाचू नये म्हणून मीटरच्या मागे एक छोटा स्टॅबिलायझर असतो. तो दोन्ही गेजना सरासरी १० व्होल्ट देतो. हे १० व्होल्ट तो मोजतो ते स्वतःच्या अर्थपासून, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो त्या जोडापासून, आणि त्याचा अर्थ डॅशबोर्डच्या मागे असतो. सेन्सरचा अर्थ मात्र इंजिनावर आणि टाकीवर असतो.

डॅशबोर्डमागचा अर्थ खराब झाला तर तिथलं ‘शून्य’ शून्य राहत नाही. ते १.८ व्होल्टवर गेलं, की खऱ्या शून्यापासून मोजल्यास गेजना १० ऐवजी ११.८ व्होल्ट मिळतात. पट्टीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ११.८ भागिले १०, त्याचा वर्ग, जवळपास १.३९. दोन्ही पट्ट्या ३९ टक्के जास्त गरम होतात आणि दोन्ही काटे एकदम चढतात. एकच काटा चुकत असेल तर त्याचा सेन्सर किंवा त्याची वायर बघा. दोन्ही एकत्र चुकत असतील तर सेन्सरला हात लावू नका, स्टॅबिलायझर आणि त्याचा अर्थ बघा. या गाडीवरचे दोन सेन्सर याच कारणाने फुकट बदलले गेले.

मोजमाप असं घेतलं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला (क्लॅम्पला नव्हे, खांबाला), लाल प्रोब मीटरच्या कपलरमधल्या (वायरींच्या जोडातल्या) अर्थच्या वायरला. इंजिन चालू, बाकी सगळं बंद: ०.०५ व्होल्ट. वायपर लावला: ०.८. काचेवरची वाफ घालवणारा ब्लोअर पूर्ण वेगात लावला: १.८. डीसी क्लॅम्प मीटरने त्या अर्थमधून जाणारा करंट १० अँपिअर भरला. म्हणजे जोडाचा रोध ०.१८ ओहम आणि तिथे जळणारी शक्ती १८ वॅट, एका लहान सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास. पावसातच का, याचं उत्तर इथेच मिळालं. वायपर आणि ब्लोअर एकत्र फक्त पावसात आणि धुक्यात लागतात. खात्रीसाठी सुई लालजवळ असताना इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरला: ८४ अंश. इंजिन ठणठणीत होतं.

तात्पुरती चाचणीही दोन मिनिटांची आहे. मीटरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड वायर धरली, की दोन्ही काटे अर्ध्या मिनिटात खाली येतात. जोडपट्टी गार व्हायला तेवढा वेळ लागतो, म्हणून लगेच फरक नाही असं समजून वायर काढू नये.

उघडण्याचा क्रम

आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधली. मग डॅशवरची मूर्ती. दुहेरी टेपने चिकटवलेली होती आणि तिच्याखालूनच एक तडा गेला होता. पेचकस घालून उचकटलं तर मूर्तीही दुखावते आणि डॅशही. हेअर ड्रायरने टेप मिनिटभर गरम केली, मासेमारीची तंगूस दोन्ही हातांत ताणून टेपमधून करवतीसारखी सरकवली, मूर्ती अलगद सुटली. कापडात गुंडाळून मालकाच्या हातात दिली, टूलबॉक्समध्ये ठेवली नाही.

प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो, प्रत्येक कपलरला मास्किंग टेपची चिठ्ठी, आणि स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, काढले त्या क्रमाने. हा क्रम महत्त्वाचा, कारण एकाच डॅशमध्ये १२, १६ आणि २५ मिमी लांबीचे स्क्रू होते आणि मागच्या कोणीतरी १२ च्या जागी २५ चा बसवला होता. तो थेट वायरिंगच्या जुडग्यात टोक रोवून होता. इन्सुलेशन कापलं गेलेलं, तांबं दिसायचं बाकी होतं.

मीटर ओढायच्या आधी मागून हात घालून स्पीडोमीटरच्या केबलचा नट सोडवावा. केबल न सोडता मीटर पुढे ओढलं की स्पीडोमीटरची मान तुटते आणि ती दुरुस्त होत नाही. ओडोमीटरचा आकडा फोटो काढून बिलावर लिहिला. मीटर उघडणाऱ्याने हे नेहमी करावं, पुढे गाडी विकताना कोणाच्या मनात शंका राहू नये. मग स्टिअरिंग सरळ लॉक केलं, कॉलमच्या वरच्या ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून कॉलम सीटवर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर टेकवला. तो हवेत लोंबकळू दिला तर खालच्या जॉइंटवर ताण येतो. ब्लोअरची नळी, दोन बाजूचे ब्रॅकेट, काचेखालचे सहा स्क्रू, आणि डॅश दोन माणसांनी बाहेर काढला. सहापैकी दोन स्क्रू मुळात नव्हतेच, एका ठिकाणी लोखंडी तार आवळलेली होती.

क्लीनरच्या बाजूला, पायाजवळच्या पत्र्यावर तो अर्थचा बोल्ट होता. सहा मिमीचा एकच बोल्ट, त्यावर तीन थिंबल (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या) एकावर एक. वरच्या थिंबलभोवती हिरवट-पांढरा थर, बोटाने दाबला की मिठासारखा चुरा व्हायचा. मधल्या थिंबलची वायर दोन इंचांपर्यंत तपकिरी आणि कडक, वाकवली तर इन्सुलेशन खपलीसारखं गळून पडलं. बोल्टखालच्या पत्र्याला कंपनीचा रंग तसाच, म्हणजे संपर्क फक्त आट्यांतून. आणि बोल्टच्या वर, काचेच्या खांबावरून, गंजाची एक सरळ पिवळी रेघ खाली उतरलेली. त्या रेघेनेच पाण्याची वाट दाखवली.

आधी पाणी

इथे घाई झाली तर सगळं काम वर्षभरात परत येतं. नवा अर्थ, नवा फ्यूज बॉक्स, सगळं त्याच पाण्याखाली येणार. म्हणून डॅश बाहेर असतानाच गळती शोधली. आतल्या बाजूने काचेच्या रबराच्या कडेला आणि खांबावर टॅल्कम पावडर मारली, एक माणूस आत टॉर्च घेऊन बसला, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडलं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. पावडरीवर पहिला ओघळ खालच्या डाव्या कोपऱ्यातून आला. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि कॅबिनमधल्या पत्र्यातून, वायर जाते तिथलं रबरी ग्रोमेटही फाटलेलं निघालं. तिथून थोडं पाणी येत होतं.

कोपऱ्यावर आधी कोणीतरी सिलिकॉन भरलेला होता, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या जातीचा. तो सुकताना ॲसिड सोडतो आणि पत्रा आतून खातो. काच काढली तेव्हा कडेच्या पत्र्यात टाचणीच्या डोक्याएवढी तीन भोकं होती. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, ०.८ मिमी पत्र्याचा ठिगळ वेल्ड केला (वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटरची जाड वायर दोन्ही सोडवलेली, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ), मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. रंग पूर्ण सुकल्यावर नवं रबर. रबराच्या खाचेत पाच मिमीची नायलॉन दोरी गुंडाळायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून दाबून धरायची आणि आतून दोरी ओढत रबराची ओठपट्टी पत्र्यावर चढवायची. तेल किंवा ग्रीस लावू नये, रबर फुगतं. शेवटी रबर आणि पत्र्यामध्ये कधी न कडक होणारा ब्युटिल सीलंट. पुन्हा २० मिनिटं पाणी, पावडर कोरडी.

प्लास्टिक कुठलं, ते आधी वाचा

डॅशच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची जात ठशात लिहिलेली असते. या गाडीत वरचा भाग एबीएस आणि खालचं आवरण पीपी निघालं. दोघांची दुरुस्ती पूर्ण वेगळी. खालच्या आवरणावर एम-सील आणि सुपरग्लू या दोन्हींचे थर होते आणि नखाने ओढले तर साल निघावी तसे निघाले. पीपीला जवळजवळ कुठलाच गोंद धरत नाही, त्यात गोंदाचा दोष नाही.

एबीएसच्या तड्यांसाठी: तड्याच्या टोकाला तीन मिमीचं भोक, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मागून तड्याच्या लांबीने व्ही आकाराची खाच, जाडीच्या दोन तृतीयांश. जाडी तीन मिमी होती, खाच दोन मिमी. तुटक्या डॅशचेच निरुपयोगी तुकडे बारीक करून ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजत ठेवले. सकाळी मधासारखी दाट खळ तयार. ती खाचेत भरली, वर फायबरच्या जाळीची दोन इंची पट्टी, पुन्हा खळ. २४ तास हात लावला नाही. दोन तासांत वरून कडक वाटतं, पण आत ॲसिटोन अडकलेलं असतं आणि लवकर घासलं तर नंतर तिथे खळगा पडतो. काम मोकळ्या हवेत, आसपास आग नको.

पीपीसाठी वेल्डिंगच. जुन्या बंपरच्या पट्ट्या कापून रॉड केला. बंपर पीपीच्या जातीचा असतो आणि थोडा लवचीक, त्यामुळे डॅशला चालतो. आधी गरम स्टेपलरने स्टीलच्या वळणदार पिना तड्याच्या आरपार, दर २० मिमीला एक, तड्याला काटकोनात. मग हॉट एअर गनने कडा आणि रॉड एकत्र मऊ करून रॉड दाबत नेला. प्लास्टिक चमकायला लागलं की वेळ योग्य, धूर आला म्हणजे जळलं आणि तो भाग ठिसूळ होणार.

रंग मॅट काळाच घ्यावा. मालकांना चकचकीत डॅश आवडतो, आणि नव्यासारखा दिसावा ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण डॅशचा वरचा भाग चकाकला की त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं. रात्री धुक्यात घाट उतरणाऱ्या माणसाला तेवढी धूसर झाक नको.

वायरिंग

इथे सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. जुना फ्यूज बॉक्स टोकदार चिनी मातीच्या फ्यूजचा होता, पांढरे ८ अँपिअरचे आणि लाल १६ चे. त्यांच्या टोकांना दमट हवेत काजळी धरते, संपर्क गरम होतो, प्लास्टिक वितळतं, पकड अजून सैल होते. एका जागी फ्यूजऐवजी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. दहा खणांचा ब्लेड फ्यूजचा बॉक्स बसवला, काचेच्या कोपऱ्यापासून दूर, झाकण खाली उघडेल असा. मीटर आणि इशाऱ्याच्या दिव्यांना ७.५ अँपिअर, इंडिकेटरला १०, वायपरला १५, ब्लोअरला १५, हॉर्नला १५, म्युझिकला १०. फ्यूज वस्तूला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो, म्हणून वायरीकडे बघून फ्यूज ठरवायचा. दीड एमएमच्या (चौरस मिमी छेदाच्या) वायरीवर ३० चा फ्यूज टाकला तर आधी वायर पेटेल. म्युझिक सिस्टीम इग्निशन स्विचच्या वायरीला मध्येच सोलून गुंडाळलेली होती, फ्यूजशिवाय. कॅबिनला आग लागायला एवढं पुरतं.

लाइटचा स्विच वितळला त्याचं कारण बल्बमध्ये होतं. कंपनीचे ६०/५५ वॅटचे दोन बल्ब अप्परला १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर घेतात. या गाडीत १००/९० चे होते, अप्परला २०० वॅट, १६ अँपिअरच्या पुढे, आणि तो सगळा करंट डॅशच्या स्विचमधून. बल्ब परत ६०/५५ चे केले. समोरच्याला चकाकी नाही आणि धुक्यात पांढरी भिंतही उभी राहत नाही. त्यासोबत अप्पर आणि डिपरसाठी दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच. स्विचची जुनी वायर रिलेच्या ८६ नंबरच्या टोकावर, ८५ अर्थला, ३० वर बॅटरीपासून अडीच एमएमची वायर, ८७ वरून बल्ब. बॅटरीपासून एका वितीच्या आत २० चा फ्यूज. स्विचमधून आता फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, ०.१५ अँपिअरच्या आसपास. रिले टर्मिनल खाली करून लावावेत, नाहीतर पाणी आत साठतं. जुन्या बल्बांपेक्षा वॅट कमी असूनही उजेड जास्त पडला, कारण आधी दीड व्होल्टच्या वर स्विचमध्ये आणि बारीक वायरीतच जात होते.

अर्थ तीन भागांत वाटला. वायपर आणि ब्लोअरसाठी चार एमएमची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लांबी १.२ मीटर. म्युझिकचा वेगळा. आणि मीटरचा स्वतःचा, एक एमएमचा, दुसऱ्या कोणाच्याही थिंबलला न शिवणारा. जुनं भोक वापरलं, पण रंग काढून चकचकीत पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून, आवळल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आवळल्यानंतर, आधी नव्हे.

जोड क्रिंप करून वर हीट श्रिंक स्लीव्ह. साधी पीव्हीसी टेप कॅबिनमध्ये टिकत नाही. उन्हात उभ्या गाडीचा डॅश ७० अंशांच्या पुढे जातो, टेपचा गोंद वितळतो आणि टेप सुटून लोंबते. जुडग्याला कापडी हार्नेस टेप वापरावी. घराच्या वायरिंगमधली एकतारी वायर गाडीत कधीच नको, हादऱ्यांनी ती आतल्या आत तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते.

मीटर

काच ॲक्रिलिकची. थिनर, पेट्रोल काही लावायचं नाही, बारीक भेगांचं जाळं पडतं. पाण्यासोबत १५००, २००० आणि २५०० नंबरचा पेपर, मग कंपाउंड. मागच्या छापील पट्टीवरचे संपर्क खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले. सॅंडपेपरने तांब्याचा पातळ थरच निघून जातो. एका जागी पट्टी जळालेली होती, तिथे बारीक वायरीचा पूल सोल्डर केला.

स्टॅबिलायझरवर १० व्होल्ट छापलेलं होतं. हे वाचल्याशिवाय बदलू नये, काही मीटरांत व्होल्टेज वेगळं असतं आणि काहींत स्टॅबिलायझर नसतोच. जुना चालू-बंद होत थडथडणारा काढून १० व्होल्टची लो-ड्रॉप रेग्युलेटर आयसी बसवली, छोट्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. दोन गेज मिळून ०.३ अँपिअर घेतात आणि ४ व्होल्ट आयसीवर पडतात, १.२ वॅट, तेवढी उष्णता पट्टी सहज पांगवते.

मीटरमधले दिवे एलईडी करण्याचा आग्रह होता आणि केलेही, एक सोडून. बॅटरी चार्जिंगचा लाल दिवा जुना तारेचाच ठेवला. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. तिथे एलईडी टाकला तर करंट अपुरा पडतो आणि गाडी सुरू झाल्यावर बराच वेळ, जोरात रेस केल्याशिवाय, चार्जिंग लागत नाही.

स्पीडोमीटरची केबल धुऊन आतल्या तारेला ग्रीस लावलं, पण वरचा वीतभर भाग कोरडा सोडला. ग्रीस फिरता फिरता वर चढतं आणि मीटरच्या आत जाऊन काटा चिकटवतं.

बसवताना झालेली चूक

डॅशचा खडखडाट जावा म्हणून सगळ्या टेकण्यांवर फेल्टच्या पट्ट्या आणि मीटरच्या चार स्क्रूंना रबरी वॉशर घातले. बॅटरी जोडली, इग्निशन लावलं आणि दोन्ही काटे सरळ पूर्ण वर. या मीटरचा स्टॅबिलायझर त्याच्या धातूच्या पाठीतून, म्हणजे स्क्रूंमधून अर्थ घेत होता, आणि रबराने तोच रस्ता बंद झाला. नव्या आयसीचीही अर्थची तार त्या पाठीलाच दिलेली होती. अर्थ सुटल्यावर अशी आयसी जवळजवळ पूर्ण व्होल्टेज पुढे सोडते. पाठीपासून नव्या एक एमएमच्या अर्थला दहा सेंटिमीटरची वायर सोल्डर केली आणि प्रश्न मिटला. फेल्ट आणि रबर लावण्याचा विचार बरोबर होता, पण जिथे धातू धातूला टेकलेला दिसतो तिथे आधी विचारावं की हा फक्त टेकू आहे की अर्थही आहे.

बाकी बसवणी उलट्या क्रमाने. जुडगं कॉलमच्या ब्रॅकेटखाली दबत नाही ना, हे कॉलमचे बोल्ट आवळण्याआधी हाताने चाचपलं. स्पीडोच्या केबलचा बाक फुटबॉलच्या गोलाईपेक्षा लहान होऊ दिला नाही. स्क्रू सगळे हाताने तीन-चार आटे लावून मगच एकेक आवळले, मधून कडेला. एका टोकाने सुरुवात केली तर शेवटचं भोक जुळत नाही, मग कोणीतरी ते ओढून जुळवतो आणि नवा तडा तिथूनच सुरू होतो.

तपासणी

बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते वायपर-ब्लोअरचा अर्थ, दोन्ही चालू: ०.०८ व्होल्ट. मीटरचा अर्थ, सगळं चालू: ०.०१. चावी बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट आधी २१० मिलिअँपिअर होता, म्युझिकचा ॲम्प्लिफायर कायम जागा राहत होता. तो चावीच्या मागे घेतल्यावर ३० राहिला. स्पीडोमीटर महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांवर तपासला: ५० वर काटा स्थिर धरला तर एक किलोमीटरला ७२ सेकंद लागायला हवेत, ७० लागले. म्हणजे काटा खऱ्यापेक्षा दीड किलोमीटर कमी दाखवत होता. कारण मागच्या टायरांचा मोठा नंबर, हे मालकाला सांगून बिलावर लिहिलं. फिटनेसला स्पीडोमीटर, हॉर्न, वायपर, लाइट सगळं बघतात, तेव्हा ही नोंद हाताशी असावी.

टाकी रिकामी करून दहा दहा लिटर डिझेल टाकत काट्याच्या खुणा कागदावर उतरवल्या. तो कागद सनव्हायझरच्या मागे चिकटवला आहे.

पाचशे किलोमीटरनंतर डॅशचे आणि कॉलमचे बोल्ट पुन्हा आवळायला गाडी बोलावली. फेल्ट दबल्यामुळे काचेखालचे दोन स्क्रू अर्धा आटा फिरले. अर्थचा बोल्ट जागचा हलला नाही, त्याच्या वरचा पत्रा बोट फिरवल्यावर कोरडा लागला. पुढचं मोजमाप मे अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी.